निवेदन हा डेटा असतो का?

"पोरी, सरकारच्या विहिरीत पाणी हाये अन् माह्या विहिरीत नाई. मंग खोटं कोन बोलून रायलं, विहीर का मी?"

वरूड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदार काकांनी फील्डवर्कच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला हा प्रश्न विचारला. उत्तर मला आलं नाही. मग त्यांनी घरातून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि त्यातून दोन पानांचं निवेदन काढून माझ्या हातात दिलं. खाली सह्या, वर आवक क्रमांकाचा शिक्का. त्यांच्या मंचानं भूजलाच्या प्रश्नावर दिलेलं. "आमी तर देऊन पाह्यलं, आता तुमी ठिवा."

मी ते ठेवलं. पुढच्या प्रगती बैठकीत प्रबंधाच्या एका प्रकरणात ते वापरलंही. समितीतल्या एका सरांनी पान उलटलं आणि म्हणाले, "हे मत आहे. हा डेटा नाही. काढून टाका."

तुमच्यापैकी बरेच जण आता पीएच.डी.च्या प्रवेशाच्या, सिनॉप्सिसच्या तयारीत आहात. तुमचा विषय पाणी, शेती, आरोग्य, शिक्षण, यातला काहीही असो, असा कागद तुमच्या हातात एक दिवस येणारच आहे. म्हणून हे लिहितेय. सर चुकले होते असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर कळलं की ते अर्धे बरोबर होते, आणि मी अर्ध्याहून जास्त चुकले होते.

आधी मंच म्हणजे काय ते सांगते. हा पक्ष नाही. निवडणूक लढवत नाही. एक निवृत्त मास्तर, एक वकील, काही बागायतदार, एक कृषी केंद्रवाले, अशी दहा-पंधरा माणसं मास्तरांच्या ओसरीवर जमतात. राजकारणावर बोलतात, आणि अधूनमधून एखाद्या सार्वजनिक धोरणावर भूमिका घेतात. संत्र्याला भाव, गारपिटीची भरपाई, विजेच्या वेळा, नवीन बोअरवरची बंधनं. भूमिका ठरली की निवेदन तयार होतं, सह्या होतात, तहसीलदारांना दिलं जातं, फोटो निघतो, स्थानिक पेपरात चार ओळी येतात. प्रत्येक तालुक्यात असे मंच आहेत. सामाजिक शास्त्रवाल्यांना यांचं काय करायचं हे थोडंफार शिकवलेलं असतं. आम्हा भूशास्त्राच्या लोकांना कोणी शिकवलेलं नसतं. विहिरीला टेप लावून पाण्याची पातळी मोजायची, एवढंच येतं.

म्हणून बैठकीनंतर चिडून मी वाचायला लागले की आपल्याकडे असे कागद पहिल्यांदा कोणी पद्धतशीर तयार केले. आणि थेट जाऊन पोचले १८७० च्या पुण्यात.

२ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त अगदी स्थानिक होतं. पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्या मांडायच्या ठरल्या तेव्हा प्रश्न आला, तुम्ही कोणाच्या वतीनं बोलताय? यावर गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उत्तर काढलं ते मला एखाद्या संशोधन पद्धतीसारखं वाटतं. सभेचं सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांनी सह्या केलेलं मुखत्यारपत्र आणायचं. नुसती वर्गणी भरून चालणार नाही. सुरुवातीलाच ९५ सभासद आणि त्यांच्या मागे सुमारे ६,००० सह्या जमल्या. मतदान नावाची गोष्ट सर्वसामान्य माणसाला माहीत नसलेल्या काळात हे लोक 'आम्ही कोणाच्या वतीनं' याचा कागदी पुरावा हातात घेऊन उभे होते. जोशींना लोक 'सार्वजनिक काका' म्हणायला लागले ते उगीच नाही.

दोनच वर्षांनी, १८७२ मध्ये, सभेनं शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीची चौकशी करायला एक उपसमिती नेमली. म्हणजे आधी माहिती, मग भूमिका. मग १८७६ चा पाऊस गेला आणि दख्खनचा मोठा दुष्काळ आला. हा भाग सावकाश वाचा, कारण माझं उत्तर मला इथेच सापडलं.

सोलापूर, सातारा, अहमदनगर, पुणे या भागांत सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. रस्ते, तलाव, खडी फोडणं. जानेवारी १८७७ मध्ये केंद्र सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल आले आणि खर्च आटोक्यात आणण्यासाठी त्यांनी मजुरी खाली आणली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत, वर अर्धा आणा. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. हजारो मजुरांनी कामं सोडली. आजच्या भाषेत संपच. सार्वजनिक सभेनं या मजुरीच्या विरोधात उघड भूमिका घेतली आणि सरकारला पत्रांमागून पत्रं लिहिली.

आता बघा. 'मजुरी अपुरी आहे, वाढवा' असं एक ओळीचं निवेदन सभेला देता आलं असतं. त्यांनी काय केलं? जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसं लावली आणि त्यांच्याकडून नियमित माहिती मागवली. कुठल्या भागात पीक किती गेलं, धान्याचा भाव काय, कामावर किती लोक, किती गाव सोडून गेले, जनावरांचं काय झालं. ही माहिती एकत्र करून दुष्काळाचे वृत्तांत म्हणून सरकारकडे पाठवली. यातलं प्रत्येक विधान तपासता येण्यासारखं होतं. एखाद्या कलेक्टरला ते खोटं वाटलं तर तो त्या गावी घोडा पाठवून बघू शकत होता.

याच सुमारास मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश हेही पोषणाच्या बाजूनं याच एक पौंडावर टीका करत होते. म्हणजे एकाच धोरणावर दोन पूर्ण वेगळ्या ठिकाणांहून, दोन वेगळ्या पद्धतींनी आलेला पुरावा. आपण प्रबंधात ज्याला 'ट्रायँग्युलेशन' म्हणून मिरवतो, ते हे. (पुढे १८८० चा दुष्काळ आयोग आणि फॅमिन कोड आले. पण ते सभेमुळेच आले असं प्रबंधात लिहू नका. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे घडली, ही चूक बाहेरचा परीक्षक पहिल्याच वाचनात पकडतो.)

वाचताना मी इथे थांबले आणि माझं निवेदन परत काढलं. त्यातलं पहिलं वाक्य होतं: तालुक्यातील विहिरी व बोअर पूर्णपणे आटले असून शेतकरी उद्ध्वस्त झाला आहे. कुठल्या विहिरी? कधी आटल्या, मार्चमध्ये की मेमध्ये? किती खोल होत्या? दुसऱ्या पानावर मात्र एक परिच्छेद होता. त्यात एका शिवाराचं नाव होतं, नाल्याच्या कोणत्या बाजूच्या विहिरी आधी गेल्या ते होतं, आणि आंबिया बहारासाठी ताण तोडायच्या वेळेला पाणी पुरलं नाही असं वर्ष देऊन लिहिलं होतं. एकाच कागदात दोन प्रकारची वाक्यं. पहिलं वाक्य मत आहे, सर बरोबर. दुसरा परिच्छेद मात्र निरीक्षण आहे. ते चूक असू शकतं, पण ते तपासता येतं, आणि तपासता येणं एवढंच तर आपण डेटाकडून मागतो.

सगळं निवेदन घ्यायचं किंवा सगळं टाकायचं, हा प्रश्नच चुकीचा होता. एकेक वाक्य वेगळं करायचं होतं.

पण सह्यांचं काय?

सार्वजनिक सभेची ६,००० सह्यांची मुखत्यारपत्रं ऐकायला भारी वाटतात. ती कोणाची होती? सभेत सरदार, इनामदार, सावकार, वकील, शिक्षक, पेन्शनर होते आणि त्यात ब्राह्मणांचं प्राबल्य होतं. खडी फोडणारे मजूर नव्हते. त्याच पुण्यात, २४ सप्टेंबर १८७३ ला, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. या सभेला 'सार्वजनिक' म्हणायचं तरी कसं, हा त्यांचा आक्षेप होता. शूद्र-अतिशूद्र नसलेली सभा सगळ्यांच्या वतीनं बोलते कशी? आता १८८२ साल बघा. शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला, तेव्हा फुल्यांनी आयोगाला निवेदन दिलं. त्याच्यामागे हजारो सह्या नव्हत्या. एका माणसाचं निवेदन. पण त्या माणसानं १८४८ पासून शाळा काढल्या आणि चालवल्या होत्या. सरकारचा महसूल येतो कष्ट करणाऱ्या रयतेकडून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे, हा त्यांचा मुद्दा होता. आणि प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणी. ते निवेदन आजही शिक्षणावर काम करणारा प्रत्येक संशोधक वाचतो.

म्हणजे इथे दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि मी त्या एकत्र कालवल्या होत्या. हे कोणाच्या वतीनं बोलतात, ही एक. यांना हे कसं कळलं, ही दुसरी. एखादा कागद पहिलीत नापास होऊन दुसरीत उत्तम पास होऊ शकतो. पुण्याच्या सभेत मजूर नव्हते म्हणून तिनं गोळा केलेला धान्याचा भाव खोटा ठरत नाही. आणि उलट, पाच हजार सह्या आहेत म्हणून 'सगळ्या विहिरी आटल्या' हे वाक्य खरं ठरत नाही. पक्षपाती असणं आणि निरुपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य आता सोपं वाटेल, पण मला ते कळायला एक वर्ष गेलं.

दुसऱ्या कसोटीचं सगळ्यात टोचणारं उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचं आहे. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली. रानडे-गोखल्यांनी बाहेर पडून १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. १८९७ मध्ये गोखले डेक्कन सभेच्या वतीनं वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले. विषय हिंदुस्थानचा सरकारी खर्च. साक्ष आकड्यांनी भरलेली, आयोगाच्या उलटतपासणीत टिकलेली. या आकड्यांच्या तयारीत त्यांना मदत केली सोलापूरकडच्या ग. व्यं. जोशींनी. तिथेच असताना पुण्यातल्या मित्रांची पत्रं आली की प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते इंग्लंडच्या वर्तमानपत्रात सांगितलं. पुरावा मागितला गेला. तो देता आला नाही, आणि कळवणाऱ्यांची नावं त्यांनी उघड केली नाहीत. परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली. तिशीतला माणूस, तोच उन्हाळा. आयोगापुढे त्याच्याकडे तपासलेले आकडे होते; वर्तमानपत्रात त्याच्याकडे विश्वासू माणसांची पत्रं होती. प्लेगच्या काळात पुण्यात अत्याचार झालेच नाहीत असा याचा अर्थ नाही. त्या एका विधानामागे दाखवता येईल असं काही त्यांच्या हातात नव्हतं, इतकाच आहे. तुमचा माहितीदार कितीही प्रामाणिक असो, त्याच्या सांगण्याला दुसरा आधार शोधून ठेवा. आणि त्याचं नाव उघड करायचं नसेल, तर त्या सांगण्यावर किती भार टाकायचा हे आधीच ठरवा.

वर मी दोन जोशी लिहिले ते लक्षात आलं का? सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८८० मध्ये वारले. अर्थशास्त्रावर लिहिणारे ते गणेश व्यंकटेश जोशी, शाळामास्तर. इंग्रजीत दोघांची आद्याक्षरं एकच होतात. सभेनं १८७८ मध्ये सुरू केलेल्या त्रैमासिकात तर कित्येक लेख बिननावाचे आहेत. बरेचसे रानड्यांचे मानले जातात. एका जोशींचं काम दुसऱ्याच्या नावावर टाकलेलं मी छापील पुस्तकात पाहिलंय आणि माझ्या पहिल्या मसुद्यातही केलंय. जुना कागद घेतला की नाव पूर्ण लिहा. ही सवय लावून घ्या, फुकट आहे.

सरकारचं उत्तर हाही अर्धा कागद असतो. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या ताब्यातल्या सभेनं गावोगाव माणसं पाठवून लोकांना समजावलं की फॅमिन कोडप्रमाणे तुमचे हक्क काय आहेत, पीक बुडालं तर सारा माफ किंवा तहकूब कसा होतो. सरकारचा कायदा सरकारलाच वाचून दाखवण्याचा प्रकार. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारनं जाहीर केलं की सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारशी बोलण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून यापुढे या सभेला मान्यता नाही. म्हणजे सभा काय म्हणते हा मुद्दाच बाजूला पडला; तिला बोलण्याचा अधिकारच नाही, असं ठरलं. मुखत्यारपत्रांनी जे कमावलं होतं ते एका हुकमानं काढून घेतलं. तुम्ही फक्त निवेदनं वाचलीत तर ही अर्धी गोष्ट दिसणारच नाही. म्हणून निवेदनाची प्रत मिळाली की थांबू नका. आवक क्रमांक आणि तारीख टिपून घ्या, आणि त्या निवेदनावर पुढे काय कार्यवाही झाली ते माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. उत्तर 'कार्यवाही निरंक' आलं तरी तेही तुमच्या प्रकरणात जातं.

हे सगळं पुण्याचं झालं. आपल्या वऱ्हाडात काय होतं?

होतं. अमरावतीच्या वकील मंडळींनी १८८० च्या दशकात वऱ्हाडचीही सार्वजनिक सभा उभी केली. रंगनाथ नरसिंह मुधोळकर त्यात पुढे होते. हेच मुधोळकर १९१२ मध्ये बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीला भरलं, शंकरन नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. आणि टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात. पण वऱ्हाडच्या सभेपुढे एक अडचण होती जी पुण्याला नव्हती. निवेदन द्यायचं कोणाला? वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहानं इंग्रजांकडे कारभाराला दिलेला. कारभारावर देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटची. इथले कायदे कुठल्याही कौन्सिलात चर्चा होऊन येत नव्हते; ते वरून लागू केले जायचे. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला गेला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हा कुठे पत्ता बदलला. त्याआधी वऱ्हाडच्या माणसाला एखादं धोरण खटकलं, तर ते बदलू शकणारा माणूस नेमका कुठे बसतो हेच आधी शोधावं लागायचं.

हे वाचून मला हसू आलं, कारण माझ्या हातातल्या निवेदनाचा पत्ता होता 'मा. तहसीलदार साहेब'. आणि मागणी होती तालुक्यावरचं भूजलाचं बंधन उठवण्याची. हे बंधन येतं कुठून? एखाद्या पाणलोटात वर्षाला जेवढं पाणी उपसता येण्यासारखं मुरतं, त्याच्या किती टक्के उपसा होतो ते काढलं जातं. १०० टक्क्यांच्या वर गेलं की 'अतिशोषित'. ९० ते १०० शोषित, ७० ते ९० अंशतः शोषित, त्याखाली सुरक्षित. हे मूल्यांकन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा केंद्रीय भूजल मंडळासोबत करते. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आहे. त्यानुसार क्षेत्र अधिसूचित करण्याचा अधिकार राज्य भूजल प्राधिकरणाचा, आणि ते काम महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे दिलेलं आहे. ६० मीटर किंवा त्याहून खोल गेलेल्या विहिरीला हा कायदा खोल विहीर मानतो. आमच्याकडे तर आठशे-हजार फुटांच्या बोअरचं कोणाला नवल वाटत नाही. तहसीलदार निवेदन पुढे पाठवू शकतात. टक्केवारी बदलू शकत नाहीत. मंचाला हे माहीत नव्हतं का? वकिलांना होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "मॅडम, मुंबईला कोन जाते? इथं दिलं तं पेपरात येते." म्हणजे निवेदनाचे दोन वाचक होते. एक पत्त्यावरचा, एक पेपरातला. तुमच्या विश्लेषणात हे दोन्ही यायला हवेत.

आता माझी मोठी चूक. पहिल्या मसुद्यात मी सह्या करणाऱ्यांच्या शेतावर गेले, त्यांच्या विहिरींची खोली, पाणी कधीपर्यंत टिकलं, सगळं टिपलं आणि नकाशावर टाकून खाली लिहिलं, 'तालुक्यातील भूजलाची स्थिती'. नकाशा छान दिसत होता. पण सह्या करणारे सगळे संत्र्याचे बागायतदार. बागा जिथे पाणी तिथे असतात, नाल्याच्या काठानं. म्हणजे मी तालुक्याची नव्हे, मंचाच्या सभासदांची भूजलस्थिती मोजली होती. सभेतल्या मजुरांची गैरहजेरी दाखवून नाकं मुरडणं सोपं होतं. माझ्या स्वतःच्या सॅम्पलमध्ये कोरडवाहूवाला एकही नव्हता हे दिसायला सरांचं ते 'काढून टाका' लागलं.

मग मी उलटी यादी केली. या निवेदनावर सही कोणाची नाही? कपाशी-तुरीवाले कोरडवाहू शेतकरी. बागेत तोडणीला जाणाऱ्या बाया, ज्यांच्या घरचं पाणी सार्वजनिक विहिरीवर किंवा टँकरवर. दोन वर्षांत बाग तोडून टाकलेले. त्यांच्याकडे गेल्यावर गोष्टीचा क्रमच बदलला. उथळ विहिरी आधी गेल्या होत्या, बागायतदारांच्या बऱ्याच आधी, आणि त्याबद्दल कोणी निवेदन दिलेलं नव्हतं. निवेदनाची तारीख म्हणजे पाणी आटल्याची तारीख नव्हे. ज्यांच्यापाशी लेटरपॅड आहे त्यांच्यापर्यंत ते आटणं पोचलं, ती ही तारीख.

प्रकरण आता प्रबंधात आहे. निवेदन मजकुरात नाही, परिशिष्टात आहे, वाक्यं सुटी करून: निरीक्षण, मत, मागणी. निरीक्षणांपुढे माझी मोजमापं आणि यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी. सरांनी या वेळी पान उलटलं, परत मागे आले, आणि विचारलं की न-सह्यांची यादी कशी केली ते लिहून द्या. लिहून दिलं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. सरकारी निरीक्षण विहीर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला आहे. काकांची विहीर वरच्या अंगाला, चहूबाजूंनी बोअर. आपला काळा बसाल्ट थरांचा. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत साठतं, आणि एकाच गावातल्या दोन विहिरी दोन वेगळ्या भेगांवर असू शकतात. खोल बोअरनं खालची भेग रिकामी केली की वरची विहीर झिरपून सुकते. विहीरही खरं बोलत होती, काकाही. चूक होती ती एका विहिरीवरून अख्ख्या गावाचं बोलण्यात, आणि ती दोन्ही बाजूंनी होत होती.

हे मी त्यांना ओसरीवर बसून कागदावर काढून दाखवलं. मास्तर म्हणाले, "मंग पुढचं निवेदन तुमीच लिहून द्या ना." मी नाही म्हटलं. जो कागद मी उद्या पुरावा म्हणून तपासणार तो मीच कसा लिहू? पण एक कोरा तक्ता आखून दिला: शिवार, विहीर की बोअर, खोली, कोणत्या महिन्यात पाणी गेलं, सही कोणाची, आणि शेजारी कोण आहे ज्याची सही नाही. मागणीचा रकाना मुद्दाम ठेवला नाही, ती त्यांनी ठरवायची. तक्ता देणं तरी बरोबर होतं का, यावर माझा आणि गाइडचा वाद अजून चालू आहे. त्यांच्या मते मी माझ्या क्षेत्रातल्या कागदात हात घातला. तुम्ही असता तर दिला असता का?